‘च’ आणि ओन्ली

माझ्या नावामुळे मला नोकरी लागली आणि त्याच नावामुळे ती जायची वेळ आली. नाव इथे सांगत नाही, पण ते ऐकलं की वसईबाहेरच्या माणसाला वाटतं, ही बाई घरात इंग्रजीच बोलत असणार. आता काय सांगायचं! आमच्या गावात चर्चमधली प्रार्थना मराठीत, शाळा मराठी माध्यमाची, आणि घरात तर आमची गावची बोली, जी ऐकून पुण्याची माणसं ‘हे नक्की मराठीच ना?’ असं विचारतात. इंग्रजी आमच्याकडे पाचवीपासून पाहुण्यासारखं यायचं आणि तास संपला की निघून जायचं.

पण वसईजवळच्या सातिवलीला, कारखान्याच्या एका गाळ्यात मी मुलाखतीला गेले, तेव्हा साहेबांनी माझा अर्ज हातात घेतला, नाव वाचलं आणि खूश झाले. “वा मॅडम, तुमचं इंग्रजी म्हणजे घरचंच!” मी हसले. नाही म्हणाले नाही, हो म्हणाले नाही. साहेब मूळचे साताऱ्याकडचे, विरारच्या मनवेलपाड्यात चाळीत राहून त्यांनी पितळी बिजागऱ्यांचा कारखाना उभा केला होता. बिजागऱ्या अशा सुंदर बनवायचे की दार नसतानाही एखादी विकत घ्यावीशी वाटावी. परदेशी गिऱ्हाइकांना ईमेल लिहायला त्यांना कोणीतरी हवं होतं. मला घराजवळ काम हवं होतं. आईचे गुडघे गेले होते, दुपारी तिला जेवायला वाढून परत येता येईल एवढ्याच अंतरावरची नोकरी मला करता येणार होती. स्कूटरवर वीस मिनिटं. अशी नोकरी दुसरी मिळाली नसती, हे मला पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं.

मग मी लिहायला लागले. कसं लिहायचे, ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’ने सुरुवात, ‘काइंडली डू द नीडफुल’ने शेवट, आणि मध्ये काय म्हणायचंय ते गिऱ्हाइकाने आपलं शोधून घ्यावं. जितकं लांब तितकं इंग्रजी चांगलं, असा माझा हिशोब. साहेब मागे उभे राहून पडद्याकडे कौतुकाने बघत. त्यांना काही कळत नव्हतं आणि मलाही फारसं नाही, त्यामुळे आमचं छान जमलं होतं.

माझी आत्या मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. आमच्या वाडीच्या पलीकडेच तिचं घर. ती दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मला गाठायची. “ये गं संध्याकाळी. लिहिण्याचे चार नियम सांगते. चारच आहेत.” मी काहीतरी निमित्त काढून सटकायचे. एक तर तिच्या हातची लाल पेन्सिल मी लहानपणी पुष्कळ सोसली होती. आणि दुसरं, मला पगारच मिळत होता इंग्रजी लिहिण्याचा, आता कसले नियम शिकायचे?

आमच्या गिऱ्हाइकांत आयर्लंडची एक बाई होती. जुन्या घरांच्या दारांना लागणारं सामान विकायची. गाळ्यातला निम्मा माल तिच्याकडे जायचा. तिने एक नवी, वेलबुट्टीची बिजागरी पसंत केली, पण पहिला माल थोडाच निघणार होता. तिने काळजीने विचारलं, आधी दुसऱ्या कोणाला तर देणार नाही ना? साहेब म्हणाले, “सांगा त्यांना, तुम्हालाच देऊ, निर्धास्त राहा.” मी लिहिलं: ‘वी विल गिव्ह धिस हिंज टू यू ओन्ली.’ पुढेमागे बाकीची फुलं-पानं होतीच. बाई निर्धास्त झाली. पहिला माल तिला वेळेवर मिळाला, आणि मी ते वाक्य विसरून गेले.

पावसाळा संपता संपता तिचा ईमेल आला. इतका छोटा की मला आधी वाटलं, अर्धाच आलाय. तिने लिहिलं होतं: ही बिजागरी केवळ मलाच देऊ असं तुम्ही लिहिलं होतंत. आज ती मी माझ्याच गावातल्या दुसऱ्या दुकानात पाहिली. तुम्ही शब्द मोडलात का?

मी जुने ईमेल उघडून माझं ते वाक्य शोधून काढलं. साहेबांनी तोच माल मुंबईच्या एका व्यापाऱ्याला दिला होता, आणि तो फिरत फिरत तिच्या गल्लीत पोचला होता. त्यात त्यांची काही चूक नव्हती. असं वचन त्यांनी कधी दिलंच नव्हतं. ते मी दिलं होतं, आणि मलाच माहीत नव्हतं.

साहेबांनी ईमेल पुन्हा पुन्हा वाचून घेतला. मग शांतपणे म्हणाले, “ही बाई गेली तर मी दुसरी पाळी बंद करतो, मॅडम. आणि ईमेल लिहायला तरी कोणाला ठेवू? ज्याला लिहायचं ते गिऱ्हाईकच उरलं नाही तर?” त्यांना ओरडायची सवय होती. ते ओरडले नाहीत, म्हणून मी जास्त घाबरले. उत्तर उद्या सकाळी जायला हवं, एवढं सांगून ते मशीनकडे निघून गेले.

त्या संध्याकाळी मी आपणहून आत्याच्या दारात उभी राहिले. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मी छापून आणलेले कागद तिच्या हातात दिले. तिने चष्मा लावला, माझं जुनं वाक्य वाचलं आणि इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. मला राग आला. माझी नोकरी जायला निघाली होती आणि हिला हसू सुचत होतं!

“रागावू नको. वाक्य इंग्रजीत आहे, पण चूक अगदी अस्सल आपली आहे,” ती म्हणाली. “मला सांग, ‘मी काल तिला चाफा दिला.’ यात ‘च’ घाल बघू.”

“मीच काल तिला चाफा दिला.”

“म्हणजे?”

“म्हणजे दुसऱ्या कोणी नाही.”

“आता पुढच्या शब्दाला लाव.”

मी कालच दिला, तिलाच दिला, चाफाच दिला. एकेका शब्दाला ‘च’ चिकटवत गेले आणि दर वेळी वाक्य निराळं झालं. शेवटी ‘चाफा दिलाच’वर येऊन थांबले.

“बघ, तुला नियम येतोय. ज्याच्यावर भर द्यायचा त्याच्याच शेजारी शब्द ठेवायचा. मराठीत तू हे डोळे मिटून करतेस. इंग्रजीत ‘ओन्ली’ सुटा फिरतो, म्हणून त्याला हाताला धरून जागेवर बसवावं लागतं. हा झाला एक. पण तुझी गडबड त्याहून मोठी आहे.” तिने एक शेंग उचलली. “आई हाक मारते तेव्हा तू काय म्हणतेस? ‘आले, आलेच.’ तिथे ‘च’ काय करतो?”

“काय करतो? धीर देतो.”

“बरोबर. आपला ‘च’ दोन कामं करतो. बाकीच्यांना दार लावतो, आणि समोरच्याला धीर देतो. तुझे साहेब ‘तुम्हालाच देऊ’ म्हणाले ते धीर द्यायला. ‘ओन्ली’ला धीर देता येत नाही. त्याला फक्त दार लावता येतं. तू बिचाऱ्या बाईसाठी बाकीच्यांना दार लावून दिलंस, आणि आता त्या दारातून दुसरा कोणी आत आलेला तिला दिसला.”

मी सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागले. इतकी वर्षं मी ‘टुमॉरो ओन्ली’, ‘धिस ओन्ली’, ‘रेडी ओन्ली’ असे ‘ओन्ली’ सगळीकडे पेरले होते. ज्या गिऱ्हाइकांनी त्यावरून भांडण काढलं नाही, त्यांचे मी मनातल्या मनात आभार मानले.

मग आम्ही उत्तर लिहायला बसलो. मी ‘आय बेग टू स्टेट विथ ड्यू रिस्पेक्ट’ असं सुरू केलं आणि लाल पेन्सिल आली. “भीक कशाला मागतेस? काय झालं ते सांग.” मी लिहिलं, ‘अ मिसअंडरस्टँडिंग हॅज ऑकर्ड.’ म्हणजे गैरसमज झाला आहे. पुन्हा पेन्सिल. “कोणी केला?”

“कोणी म्हणजे? झाला.”

“हेच ते! आपल्याकडे बशी फुटते, उशीर होतो, गैरसमज होतो. कोणी काही करतच नाही, सगळं आपोआप. आपल्या भाषेत ते शोभतं, त्यात एक माणुसकी पण आहे, समोरच्याला उगाच उघडं पाडत नाही. पण ती बाई विचारतेय, तुम्ही शब्द मोडलात का. तिला कर्ता हवाय. कर्ता आधी लिही, लगेच त्याने काय केलं ते लिही. एका वाक्यात एकच गोष्ट सांग. आणि जो शब्द काम करत नाही त्याला घरी पाठव. झाले चार.”

दिवेलागणीपर्यंत पाच वाक्यं उरली. ‘ओन्ली’ हा शब्द मी चुकीच्या अर्थाने वापरला. मला म्हणायचं होतं की पहिला माल नक्की तुम्हाला मिळेल. ही बिजागरी आम्ही इतरांनाही विकतो. माझ्या वाक्याने तुमची दिशाभूल केली, याबद्दल मी तुमची माफी मागते. यापुढे काही फक्त तुमच्यासाठी बनवायचं असेल तर विचारा, आम्ही हो किंवा नाही असं स्पष्ट सांगू.

सकाळी साहेबांना अर्थ समजावून सांगितला. त्यांचा चेहरा पडला. “एवढंच? अर्धं पानसुद्धा नाही? आणि ‘मी’ कशाला, मॅडम? ‘चूक झाली’ लिहा की.”

“साहेब, इंग्रजीत चूक आपोआप होत नाही. कोणीतरी करावी लागते.”

 या बाईचं इंग्रजी घरचं नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मलाही ते लपवायचा कंटाळा आला होता. “मराठी शाळेत शिकले मी,” मी सांगून टाकलं. “मीपण,” ते म्हणाले. मग स्वतःच माऊस हातात घेऊन त्यांनी ईमेल पाठवला.

दुपारी घरी गेले, तेव्हा आईला काही सांगितलं नाही. पण तिने ओळखलं. मला भात चिवडताना बघून ती म्हणाली, “काय गं, नोकरीचं काय खरं नाय काय?” मी म्हटलं, संध्याकाळी कळेल.

संध्याकाळी निघता निघता उत्तर आलं. मी आधी शेवटचं वाक्य वाचलं, मग पहिलं, मग सगळं. बाईने लिहिलं होतं की तिला आता नीट समजलं, आणि इतकं सरळ पत्र तिला या धंद्यात क्वचितच मिळालं आहे. पुढे विचारलं होतं: याच नक्षीची मोठी बिजागरी फक्त माझ्यासाठी बनवाल का? आणि खाली, वेगळ्या ओळीत: इथे ‘ओन्ली’ मी माझ्या अर्थाने वापरते आहे.

मी मोठ्याने हसले. साहेब धावत आले. वाचून दाखवलं तर तेही हसले, मग एकदम गंभीर होऊन हिशोब करायला लागले, आणि म्हणाले, “हो लिहा. पण या वेळी कुठला ‘ओन्ली’ ते बघून लिहा बरं का.” मी एका ओळीत हो लिहिलं. पाठवल्यावर साहेब दाराशी गेले, थांबले आणि मागे वळून म्हणाले, “मॅडम, यापुढे बाहेरची पत्रं तुम्हीच लिहायची.”

‘च’ कुठल्या शब्दाला लागलाय, ते मी नीट ऐकून घेतलं.

घरी पोचले तेव्हा आईची रोजरी चालू होती. मधे कोणी बोललेलं तिला खपत नाही, पण मला बघून तिचं बोट मण्यावर थांबलं. मी साहेबांचं वाक्य जसंच्या तसं तिला सांगितलं.

“तूच?” आईने विचारलं. “दुसरं कोन नाय?”

“दुसरं कोणी नाही.”

तिने पुढचा मणी धरला आणि प्रार्थना पुन्हा सुरू केली, या वेळी पलीकडे आत्याच्या ओट्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात.