पिंजारीण चाची

निजामाच्या काळात आष्टीला आमच्या शेजारी एक पिंजारीण राहायची. सगळे तिला चाची म्हणत. दिवसभर कापूस पिंजून ती इतकी थकलेली असे, की बोलता बोलता डोळे मिटायची.

तापानंतर माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या उजव्या हातातली ताकद गेली. तिचं सगळं मीच करायची. एक दिवस चाचीनं तिला आपल्या ओट्यावर बसवून पुढ्यात कापूस टाकला.

"डाव्या हातानं धर, उजव्यानं सरकी निकाल, बेटी. जल्दी न्हाई."

मग रोज तेच. कधी शेंगा फोडायच्या, कधी ओल्या मातीच्या गोळ्या वळायच्या. पोर रडायची, चाची पिंजत राहायची. एकदा मला बघवलं नाही, मीच सरकी काढायला गेले. चाचीनं माझं मनगट धरलं.

"तू करून राह्यली, म्हणून तिचा हात निजलाय. मी बी थकले गं. पण रोज तिच्यापाशी बसते न्हाई का?"

मी बाजूला झाले.

थंडी पडली तेव्हा पोरीनं उजव्या हातानं पहिली सरकी ओढून काढली. मला रडूच फुटलं. चाचीनं ती सरकी तळहातावर घेऊन पाहिली, "बराबर" म्हणाली, आणि पोरीपुढं आणखी मूठभर कापूस टाकला.