कमानीखालची जागा

किसनमामा गवंडी वीट हातात घेतली की आधी कानाशी नेत. बोटाच्या पेराने टकटक वाजवत आणि आवाज बद्द आला की "कच्ची हाय बाई तू," असं तिलाच सांगून बाजूला ठेवत. मला हसू यायचं. मी बांधकाम खात्यातला नवाकोरा इंजिनिअर, सदा घाईत.

बीडमधलं ते विटांचं दुमजली घर निजामाच्या काळात कुणा इंग्रजाने विलायती धाटणीने बांधून घेतलेलं. मधोमध दार, दोन्हीकडे अगदी सारख्या उंच खिडक्या, दारावर रुंद अर्धगोल कमान. आता तिथे मुलींची अभ्यासिका होती. कमानीच्या भेगा मीच सिमेंटने लिंपून घेतल्या. ओल आत अडकली आणि पावसाळ्यात विटा फुगून सुटल्या. चूक सरळसरळ माझी होती. घर पाडायचं ठरत आलं होतं आणि मुलींना बसायला दुसरी जागा नव्हती. वरच्या साहेबांनी एकच सवलत दिली, कमान नव्याने उभी राहिली तरच घर राहील.

त्या कामाला बोलावलेल्या मामांनी सिमेंटचं पोतं आत येऊ दिलं नाही. चुना भिजवला, जुन्या विटा एकेक वाजवून निवडल्या, लाकडी साच्यावर कमान रचली. साचा कधी काढायचा, असं मी रोज विचारायचो.

"चुन्याला तुमची घाई ठाव न्हाई, साहेब," एवढंच ते म्हणायचे.

साचा काढायच्या सकाळी मुली रस्त्यापलीकडे पुस्तकं धरून उभ्या होत्या. मामांनी चपला काढल्या आणि थेट कमानीखाली जाऊन उभे राहिले. त्यांच्या घराण्यात तशी रीतच होती. ज्याने कमान बांधली, त्याने साचा निघताना खाली उभं राहायचं. मग ते जरा बाजूला सरकले.

"या साहेब. तुमची बी कमान हाय ही."

माझे पाय उचलेनात. मामांनी टेकूखालची पहिली पाचर ठोकून काढली, मग दुसरी. साचा बोटभर खाली बसला. वर काहीतरी करकरलं, मामांच्या टोपीवर चुना सांडला आणि मी घट्ट डोळे मिटले. उघडले तेव्हा मामा शांतपणे वर बघत होते. कमान जागची हलली नव्हती. त्यांच्या शेजारची जागा तशीच रिकामी होती.

त्यावरून त्यांनी मला कधी एका शब्दानेही टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं, कारण ती लाज अजून जात नाही.

गेल्या वर्षी मामा गेले. त्या कमानीखालून मुली अजून ये-जा करतात. आता कुठेही स्लॅबचे टेकू काढायचे असले की मी खाली जाऊन उभा राहतो. मिस्त्री कुरकुरतात, साहेब सनकी आहे म्हणतात. मी उभा राहतो आणि शेजारी एका माणसापुरती जागा सोडतो.