फळाच्या जागी फळ

विकतचं फळ आमच्या घरात दोनच वेळी यायचं. कुणी अंथरुणाला खिळलं की, नाहीतर कुणाचं लग्न ठरलं की. एरवी केळी परसातली, आंबे शेजारचे आणि फणस मेलकावेरीच्या मामांकडचा. त्यामुळे माझ्या वाङ्निश्चयाच्या ताटांतून कुर्गची संत्री आली, तेव्हा घरभर वास सुटला आणि सगळे माझ्याकडे जरा नव्यानंच बघायला लागले.

मुलगा तंजावरचा, कलेक्टर कचेरीत नोकरीला. त्याचे पणजोबा राजवाड्यात चाकरीला होते, आमचेही. तिथलं मराठी राज्य खालसा होऊन किती काळ लोटला, गोरा कलेक्टर येऊन बसला, पण आमच्या मराठी घरांची ऐट काही उतरली नव्हती. त्या दिवशी मी पानं मांडत आतबाहेर धावत होते. त्याची आई म्हणाली, "मुलगी एका जागी बसत नाही वाटतं." आणि तो, मान खाली घालूनच, म्हणाला, "असू दे की. आपल्याकडे सगळे बसूनच असतात."

बस्स, एवढंच. त्या एका वाक्यावर मी अख्खा संसार मांडला.

ताटांतल्या संत्र्यांपैकी एक मी एकटीनं खाल्लं आणि बिया एका काठ फुटलेल्या मडक्यात पेरल्या. बाहेर ठेवावं तर माकडं काही शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून मडकं घरात, चौकाकडच्या खिडकीत. पण मला धीर कुठला! रोज सकाळी बोटानं माती उकरून बघायची, बी फुगली का, तडकली का. अम्मा ओरडायची, "अगं बये, रोज पांघरूण ओढलंस तर झोपेल कशी ती?" माझ्या उकराउकरीनं बहुतेक बिया कुजल्या. एक मात्र कडेला सरकून माझ्या बोटाच्या तावडीतून सुटली आणि तीच उगवली. दोन इवली पानं, चुरगळली तर संत्र्याचाच वास. मी चुरगळली नाहीत, पण नाक लावून बसायचे.

मुहूर्त कळवतो म्हणाले होते. संक्रांतीचा पोंगल तर आधीच झाला होता, मग माघ गेला, फाल्गुन गेला, ऊन तापायला लागलं. तंजावरहून अवाक्षर नाही. मी दारातून खिडकीशी, खिडकीशी दोन क्षण, की पुन्हा दारात. रोपाला चांगली सहा-सात पानं आली आणि माझं मात्र जेवणात लक्ष नाही, शिवणात नाही. डोक्यात नुसता भुंगा.

शेवटी बातमी आणली मामांनी. गोविंदपुरमला भजनाला गेले होते, तिथं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की त्या मुलाचं तिरुच्चीला ठरतंय. मामा तसेच तंजावरला जाऊन विचारून आले. खरं होतं. आमचं मोडलं होतं.

"त्यानं नाही म्हटलं, की त्याच्या आईनं?" मी विचारलं.

"आता ते कळून काय लोणचं घालायचंय?" अम्मा म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

पण मला तेवढंच हवं होतं! आईनं मोडलं असेल तर ते एक वाक्य माझं माझ्यापाशी राहत होतं. त्यानंच मोडलं असेल तर माझ्याकडे काहीच नव्हतं. हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर वेड लागलं म्हणाले असते.

आमच्यात रीत अशी, की सोयरीक मोडली की आलेलं सगळं त्याच ताटांतून परत करायचं. लुगड्याच्या जागी लुगडं, नारळाच्या जागी नारळ आणि फळाच्या जागी फळ, मग ते खाऊन संपलेलं का असेना. अप्पा मोठा बाजार पालथा घालून आले. ऐन उन्हाळ्यात कुर्गची संत्री कुठून मिळायला! फळवाला म्हणाला, मोसंबी घेऊन जा. अप्पांचं तोंड लालबुंद झालं होतं.

"मोसंबी चालणार नाही. त्यांचं फळ आपल्या पोटात ठेवायचं नाही!"

"मग काय पोट फाडून देऊ?" अम्मा कडाडली.

अप्पा ओसरीवर येरझारा घालत राहिले. मी खिडकीतलं मडकं उचललं आणि ताटात नेऊन ठेवलं. "हे पाठवा. संत्रंच आहे."

अप्पा थांबले. "तुला चालेल?"

इतक्या दिवसांत मला काय चालेल हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी म्हटलं, चालेल. चालणार नव्हतं, अजिबात नव्हतं. पण हे रोप त्याच्यापुढे जाईल, तो काहीतरी बोलेल, आणि मला कळेल. मामांना मी दारात गाठलं. "मामा, तो काय म्हणतो ते नीट ऐकून या. त्याचं. त्याच्या आईचं नको."

मामा सकाळच्या गाडीनं गेले. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. दिवेलागणीला ते परतले, आणि त्यांच्या हातात मडकं! माझ्या काळजानं उडीच मारली. परत पाठवलं! तिच्याकडेच राहू दे म्हणाला असेल!

मी धावत जाऊन मडकं घेतलं. आत नुसती माती होती आणि मधोमध एक भोक.

"आई आतच होती," मामा म्हणाले. "तो एकटा बाहेर आला. मी सांगितलं, तुमच्याच संत्र्याचं रोप आहे, पोरीनं वाढवलंय. त्यानं ते उपटलं आणि ताटात ठेवलं. म्हणाला, फळ आमचं होतं, ते पोचलं. मडकं तुमचं, ते घेऊन जा."

"त्यानं स्वतः?"

"हो, बाळ."

आज आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो. तेव्हा मात्र नुसता जीव तुटत होता. मी भोकात बोट घातलं. माती अजून ओली होती. गाडीत सुकू नये म्हणून निघताना मीच भरपूर पाणी घातलं होतं. रोप अगदी सहज निघालं असणार.