लिंबाखाली सरकवलेल्या कुंड्या

संशोधनाच्या शेवटच्या टप्प्यात मी ज्वारीच्या कुंड्या घेऊन पालीला माहेरी आले. प्रयोगशाळेतल्या दिव्यांखाली माझे दोन्ही वाण सारखेच वाढत होते. मला माती वाळवणारं खरं ऊन हवं होतं. एक वाण साधा. दुसऱ्याच्या श्वसनात खोट होती. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये नको असलेली ऊर्जा उष्णता करून सोडून देणारी एक आडवाट असते, ती या वाणात जवळपास बंद होती. पाणी तोडल्यावर ही आडवाट किती उपयोगी पडते, एवढाच माझा प्रश्न होता.

अंगणात कुंड्या मांडून मी पाणी बंद केलं. थोरली बहीण नुकतीच ऊसतोडीहून परतली होती. तिचं मनगट सुजलं होतं. ओसरीत बसून ती रोपांकडं बघायची.

"काहून मारायलीस गं त्यांना?"

"मारत न्हाई, आक्का. कशी तगतात ते बघायलेय. तू पाणी घालू नको, थेंबभरबी."

तिनं पाणी घातलं नाही. मी बीडला जाऊन आले, तर दोन्ही वाणांच्या निम्म्या कुंड्या कडुलिंबाच्या सावलीत. बाकीच्या हलवायला मनगटानं साथ दिली नव्हती. मी तिला नको ते बोलले.

"पाणी तर न्हाई घातलं की," एवढं म्हणून ती आत गेली.

प्रयोग वाया गेला म्हणून मी कुंड्यांकडं बघणंच सोडलं. पुढं कुंड्या रिकाम्या करायला गेले, तेव्हा दिसलं: उन्हात साधा वाण कोमेजला होता, पण हिरवा होता. खोट असलेल्या वाणाची पानं पार पांढरी पडली होती. सावलीत मात्र दोन्ही सारखेच हिरवे, आणि माती इथून तिथून कोरडी.

पाणी नसलं की पान आपली रंध्रं मिटून घेतं. ऊन काही थांबत नाही. हरितलवकांना न पेलणारी ऊर्जा तंतुकणिकांकडं जाते आणि त्या आडवाटेनं खर्ची पडते. ती वाट बंद असली की पान उन्हानंच करपतं. मी तहानेचा विचार केला होता, उजेडाचा नाही.

"या कुंड्या प्रबंधात चालणार नाहीत," मार्गदर्शक म्हणाले. "नीट सावलीची जाळी बांधून पुन्हा करा."

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा केलं. तेच निघालं.

तोवर बहिणीनं कोयता सोडला होता. ती पाटोद्याच्या बाजारात भाजी विकायला बसायची. प्रबंध मान्य झाल्यावर मी तिथं गेले.

"आक्का, तुझ्यामुळं सापडलं ते."

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "लई वाईट दिसत होती, म्हणून हलवली."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि ती वांगी निवडून द्यायला लागली.