वाढत्या अंगाची दोरी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी रिक्षा वळवून घरी आलेली बाई आहे. दाराला दोन कुलपं लावते आणि मग खाली उतरून वर बघते. घरचे हसतात. हसू देत.

ही भीती मला माहेरून मिळाली. कोकणातून मुंबईला आलेल्या माझ्या आईने आम्हा चार भावंडांना एकाच नियमावर वाढवलं: घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. फ्रॉक पोटरीपर्यंत आणि बुटांत कापूस. माझ्या लेकीलाही मी तेच केलं. तिच्या शाळेचा पहिला गणवेश असा होता की बाईंनी विचारलं, हा मोठ्या बहिणीचा का? तिला मोठी बहीण नाही. मोठं घेतलेलं कधी बाधत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

ही लेक आता सव्वीस वर्षांची आहे. आठवडाभर ऑफिस करते आणि रविवारी शिडाची होडी चालवते. इंजिन नाही, फक्त वारा. ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर तिने एक जुनी फायबरची होडी घेतली, आमच्या बेडरूमपेक्षा जरा लांब. खाडीकाठच्या कोळीवाड्यात एका मावशींच्या अंगणात ती ठेवलेली असते. बोरीवलीत आमच्या गॅलरीतून नॅशनल पार्कची झाडं दिसतात, खाडी दिसत नाही. तरी लेक परत येईपर्यंत मी दर रविवारी त्या गॅलरीतच उभी असते.

मागच्या थंडीत होडीची एक दोरी झिजली. शीड वर चढवायची आणि खाली उतरवायची, ती मुख्य दोरी. लेकीला ऑफिसातून सुटका नव्हती. तिने जुन्या दोरीचा वीतभर तुकडा कापून माझ्या हातात दिला.

"आई, हा नमुना. आठ एमएम. एवढीच जाड आण, कमी नको, जास्त नको. कोळीवाड्यातल्या दुकानात मिळेल."

दुकान म्हणजे जाळी, बोये, नांगर आणि छतापर्यंत रचलेली दोरीची रिळं. मी नमुना दाखवला. दुकानदाराने त्याच मापाची पांढरी, विणलेली दोरी काढली. मी ती बोटांत धरून बघितली. पेन्सिलीएवढी होती. या पेन्सिलीएवढ्या दोरीवर माझी पोर खाडीत जाणार? शेजारी दहाची होती, करंगळीएवढी, हाताला भरणारी.

"ही द्या," मी म्हटलं.

"ताई, नमुना आठचा हाय. धा कशाला? कप्पीत अडकंल."

"पण आठची तुटली तर?"

"आठवर तुम्ही-मी दोघं लटकलो तरी तुटायची नाय."

"असू दे. जाडच द्या."

घरी मी लेकीला सांगितलं की दुकानात आठची संपली होती. असं सहज खोटं बोलायला मला कोणी शिकवलं नव्हतं, पण भीतीपोटी माणूस काय काय शिकतो.

रविवारी तिच्या मैत्रिणी येणार नव्हत्या, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. डोलकाठी आडवी करून ठेवली होती. तिच्या टोकाला विहिरीवर असते तशी एक कप्पी होती, फक्त लिंबाएवढी. जुन्या दोरीच्या टोकाला नवी दोरी सुईदोऱ्याने शिवायची, जुनी ओढायची, मग नवी आपोआप कप्पीतून पलीकडे जाते. शिवणाचं काम मी केलं. ओढताना लेकीच्या कपाळावर आठी आली.

"घट्ट जातेय गं."

"नवी आहे. वापरून मऊ होईल," मी म्हटलं. नवीन चपलांबद्दलही मी तिला हेच सांगायचे.

डोलकाठी उभी करून होडी पाण्यात ढकलली आणि मग मी होडीतही बसले. लाइफ जॅकेटचे पट्टे मी इतके आवळले की धड श्वास घेता येईना. दोरीवर माझा विश्वास होता, पाण्यावर नव्हता. आम्ही दोघींनी ओढून शीड वर चढवलं तेव्हा त्या जाड दोरीकडे बघून मला बरंसुद्धा वाटलं.

दुपारी समुद्राकडून वारा उठला. खाडीचं पाणी बघता बघता काळसर झालं आणि होडी एका अंगावर कलली. मी डोळे मिटून बाकडं धरलं. "शीड उतरवते," लेक म्हणाली आणि तिने दोरी सोडली.

शीड खाली आलं नाही.

तिने दोरी हलवली, झटके दिले. कप्पीत दोरी रुतून बसली होती, त्यात पाणी उडून ती भिजली होती. चढवताना आम्ही दोघींनी जोर लावला होता. उतरताना तिला ओढणार होतं ते फक्त शिडाचं वजन, आणि तेवढ्याने ती सरकेना. लेकीने शीड ताणून धरणारी दुसरी दोरी मोकळी सोडली तसं शीड फाडफाड वाजायला लागलं आणि होडी पाठीमागे सरकू लागली. पाठीमागे मासेमारीच्या मोठ्या बोटी नांगरून ठेवल्या होत्या. त्यांची लाकडी नाकाडं आमच्या डोक्याच्या वर होती.

"आई, खरं सांग. दुकानात आठची नव्हती?"

"होती."

ओरडली असती तर मला सोसलं असतं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की तिची हनुवटी थरथरतेय. अशी घाबरलेली मी तिला लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत पाहिली होती, त्यानंतर कधी नाही. माझी पोर मरणार आणि ती माझ्या हाताने मरणार, एवढंच माझ्या मनात होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "शीड धर आणि लटक."

"मी उभी राहिले तर होडी उलटेल."

"मध्ये राहा, डोलकाठीला चिकटून. आई, वाट लागेल आपली, ऊठ ना!"

मी उठले. कशी, ते आठवत नाही. दोघींनी शिडाचं कापड मुठीत धरून अंगाचा भार टाकला. वरून करकर आवाज आला आणि शीड वीतभर खाली आलं. पुन्हा लटकलो, पुन्हा वीतभर. मी मोठमोठ्याने रडत होते आणि ओढत होते. शेवटचा ढीग आमच्या अंगावर कोसळला तेव्हा मागच्या बोटीची फळी हाताच्या अंतरावर होती. लेकीने दोन्ही पाय टेकवून होडी तिच्यापासून ढकलली. वल्ही मारत आम्ही काठाला आलो.

जाड दोरी मावशींनी मागून घेतली. होडी अंगणात बांधून ठेवायला ती झकास आहे, असं लेक म्हणाली.

मला वाटलं होतं, आता ती मला दोरीला हात लावू देणार नाही. दोन दिवसांनी जेवणाच्या टेबलावर तोच वीतभर नमुना पडला होता.

"तूच आण," मी म्हटलं. "माझ्यावर भरवसा ठेवू नकोस."

"मला वेळ नाहीये," ती म्हणाली. "तूच जा."

गेले. दुकानदाराने मला बघून काही न विचारता आठचं रीळ खाली काढलं. मी नमुना तीनदा लावून बघितला. घरी येईपर्यंत ती दोरी पिशवीत आहे की नाही असं वाटत होतं, इतकी हलकी.

रविवारी सकाळी तिने बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं, "नमुन्याएवढीच ना?"

"तेवढीच."

तिने मोजून बघितलं नाही. दोरीचं वेटोळं खांद्याला अडकवून ती जिना उतरून गेली आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा मी तिला तिच्या मापाचं काहीतरी दिलं होतं.