बोली ज्याची, खांदा त्याचा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी सांगतो, माझ्या थोरल्या बहिणीच्या मामेसासऱ्यांचे. नाते ऐकून लोक बोटे मोजू लागतात. पण मोजून झाल्यावरही माझे उत्तर बदलत नाही. चांदा जिल्ह्याचे सारे जंगल पालथे घातले तरी असा दुसरा माणूस सापडायचा नाही. सागाचा ओंडका असो, ताटातली शेवटची पुरणपोळी असो की माझ्यासारखा खेड्यातला मुलगा असो, लिलाव झाल्याशिवाय कोणतीही वस्तू योग्य घरी जात नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. चांद्याच्या लाकूड डेपोत लिलावाचा पुकारा करण्यात त्यांची सारी नोकरी गेली. त्यांना सगळे मामाजी म्हणत. त्यांचा आवाज असा होता की डेपोत त्यांनी बोली पुकारली म्हणजे झरपट नदीवर धुणे धुणाऱ्या बायका आपसांत म्हणायच्या, "आज ऐनाचं लाकूड महाग गेलं वो बाई!"

नोकरी संपली तरी पुकारा संपला नाही. जेवताना शेवटची पोळी उरली की ते ती दोन बोटांत उंच धरून म्हणायचे, "एकच नग शिल्लक! कोन काय देते?" मग नातवंडे बोली लावायची. एक म्हणायचा, पाय दाबीन, दुसरी म्हणायची, गाईला पाणी पाजून पाय दाबीन, आणि पाटावर थाप पडायची, "एक बार, दोन बार, तीन बार! गेली!" माणसांकडेही ते लाकडासारखेच पाहत. शेजारच्या मुलीसाठी आलेला नवरदेव बघून आल्यावर त्यांनी मत दिले, "लांबी भरपूर हाय. गोलाईत मार खाल्ला." त्यांचा एक नियम मात्र लोखंडासारखा होता. पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही. उभ्या नोकरीत जिल्ह्यातला उत्तम साग त्यांच्या नाकाखालून गेला. पण घरात सागाचा साधा पाट नव्हता. मामी कधी कुरकुरल्या तर म्हणत, "ज्याच्या हाती हातोडा, त्यानं मनात हाव ठेवू नये." मामी म्हणायच्या, "हाव नोका ठेवू. पाट ठेवा."

माझाही त्यांनी लिलाव केला. बहिणीच्या लग्नाची वरात गोंडपिपरीकडच्या आमच्या खेड्यात आली होती. माझे वडील धानाची शेती करत. त्यांना अक्षरओळख नव्हती. जेवणे झाल्यावर मांडवात त्यांनी चाचरत व्याह्यांजवळ विषय काढला की पोराला चांद्याच्या शाळेत घालायचे आहे, पण तिथे राहायला कोणी नाही. व्याही सुपारी कातरू लागले. वराकडच्यांपैकी चांद्यात राहणारे दोघे-तिघे एकदम पानाच्या तबकाकडे वळले. तेवढ्यात मामाजी उठले, माझा दंड धरून त्यांनी मला उपड्या घंगाळावर उभे केले आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असे पुकारले, "नग एक! सातवी पास! खोड सरळ, गाठ नाई, कीड नाई! कोन काय देते?" मांडवात हशा पिकला. मला जमिनीत जावेसे वाटत होते. एक जण हसता हसता म्हणाला, "ओसरीवर झोपाले जागा!" मामाजींनी ती बोली झडप घालून पकडली. "ओसरी आली! ओसरीच्या वर?" दुसऱ्याला चेव आला, "ओसरी अन एक वक्ताचं जेवन!" यानंतर कोणी बोलेना. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून मामींचा आवाज आला, "दोन वक्ताचं जेवन. अन दिवा."

दिवा म्हणजे रात्री अभ्यासाला दिवा. आमच्या घरी तो कोणाच्या मनातही आला नसता. "तीन बार! गेला!" असे म्हणून मामाजींनी घंगाळावर थाप मारली आणि मी त्यांच्याच घरी गेलो. वडिलांनी टोपी काढून डोळे पुसले. नियम मोडला नव्हता. बोली मामींची होती.

त्या सुमारास सरकारने वनमहोत्सव सुरू केला. गावात भोंगा नव्हता, मामाजींचा आवाज होता, म्हणून दवंडीचे काम त्यांच्याकडे आले. पहिल्या वर्षी रोपे फुकट वाटली. दिवाळीपर्यंत झाडे दिसेनात आणि शेळ्या मात्र ओळखू येईनात, इतक्या गुबगुबीत झाल्या. पुढच्या वर्षी मामाजींनी सांगितले, "फुकटाचं लाकूड कोनी उन्हातून उचलत नाई. मी लिलाव करीन." पैशांचा नव्हे, पाण्याचा. रोज किती घागरी घालणार, त्याची बोली. पावसाळा सोडून तीन उन्हाळे ती पाळायची. "बोली ज्याची, खांदा त्याचा," म्हणजे नोकराने आणलेले पाणी चालणार नाही.

जटपुरा दरवाजाजवळचा चहावाला म्हणाला, "मामाजी, चारी बाजूनं जंगल हाय, अन तुमी गावात झाडं लावून राह्यले! लोक हासून राह्यले ना!"

"जंगल लय हाय ना? मंग उद्या दुपारी गिऱ्हाइकाले तिथीच नेऊन चहा पाज."

चहावाल्याने एक करंज घेतला.

चांद्याच्या माणसाला भाषण देऊन झाड लावायला सांगा, तो जांभई देईल. पण स्टुलावर माणूस उभा राहून "एक बार" म्हणाला की त्याचा हात आपोआप वर जातो. गावाचे रक्तच डेपोतले. त्या दिवशी लोकांनी अशा बोल्या लावल्या की विहिरींनी ऐकल्या असत्या तर पळाल्या असत्या. तहसीलदार साहेब आपल्या हस्ते रोप लावायला आले होते. मामाजी स्टुलावरून म्हणाले, "साहेब, हस्ते नाई चालत. बोली लागते." साहेब हसून म्हणाले, "बरं, एक घागर." बायकांच्या बाजूने त्यांच्याच बाईसाहेब म्हणाल्या, "दोन!" पुढे कित्येक दिवस संध्याकाळी साहेब पायजमा वर खोचून खांद्यावर घागर नेताना बघायला लोक पारावर येऊन बसत. बांगडीवाले चाचा आमच्या आळीतले. त्यांनी दुकानासमोरचा गुलमोहर घेतला आणि रोज्याच्या महिन्यातही, घशाला कोरड असताना, पाणी घातले. मी म्हणालो, "चाचा, हा महिना तरी सोडा." ते म्हणाले, "रोजा मेरा हाय बेटा, झाडाचा थोडाच हाय?" एका वकिलांचा पाय मोडला. ते सूट मागायला आले तर मामाजींनी त्यांच्या प्लास्टरवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "पाय मोडला. घागर नाई मोडली." वकील साहेब घोडागाडीत मांडीवर घागर घेऊन जाऊ लागले.

आता माझे. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. मामाजी मालातला दोष कधी लपवत नसत. शेवटचे रोप हातात घेऊन त्यांनी पुकारले, "कडुनिंब. खोड वाकडं. पान पिवळं. जगन का नाई, सांगता येत नाई. जागा दवाखान्याच्या चढावर, विहीर दूर." मामाजी "एक बार" म्हणाले आणि मला घंगाळावर उभा असलेला मी आठवलो. माझा हात वर गेला. "दोन घागरी!"

एक उन्हाळा मी निभावला. चांद्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही त्याला सांगून कळायचे नाही. कडुनिंब जगला. मग मॅट्रिकचा निकाल लागला. मी पास झालो. नागपूरच्या कॉलेजात नाव लागले, मामाजींनीच ओळखीने तिथे राहण्याची सोय केली. आणि त्याच संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "सोय झाली. पन कडुनिंबाचे दोन उन्हाळे बाकी हाय."

मला वाटले, थट्टा. थट्टा नव्हती. मामी चिडल्या, "काऊन हो, झाडासाठी पोराले नागपूरले नाई जाऊ देत का?"

"वकिलाले सोडलं नाई, अन घरच्या पोराले सोडू? उद्या समदं गाव घागरी उपड्या ठेवन." एवढे बोलून ते भात कालवत राहिले, पण त्यांनी तो खाल्ला नाही, हे मी पाहिले. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी कोणी पाहिलेली नव्हती. ती पायरी आता एका वाकड्या रोपापाशी अडली होती, आणि ते रोप उपटून टाकावे असेही मनात येईना, कारण ते माझेच होते.

तोड त्यांनीच काढली. फेरलिलाव. डेपोत मालाला दुसरा घेणारा मिळाला तर पहिला सुटायचा. वनमहोत्सवाच्या दिवशी, नवी रोपे पुकारण्याआधी, मामाजी सारे गाव घेऊन दवाखान्याच्या चढावर आले. स्टूल मांडले. "कडुनिंब, एक उन्हाळा पाहिलेला! खोड वाकडंच! दोन घागरी, दोन उन्हाळे! घेनाऱ्यानं बोलावं!"

चढ सगळ्यांना दिसत होता. आधीच्या घागरींनी खांद्यांना घट्टे पडले होते. "एक बार." मी चहावाल्याकडे पाहिले, तो आभाळाकडे पाहत होता. "दोन बार." मामाजींचा आवाज मी प्रथमच बारीक झालेला ऐकला. तिसरा बार झाला असता तर कॉलेज संपले होते.

तिसरा बार झाला नाही. मामाजी हळूच स्टुलावरून उतरले, गर्दीत चार पावले आत शिरले, वळून रिकाम्या स्टुलाकडे तोंड केले आणि हात वर करून म्हणाले, "तीन घागरी."

कोणाला काही समजेना. ते पुन्हा स्टुलावर चढले, मघाशी स्वतः उभे होते त्या जागेकडे बोट करून पुकारले, "तीन घागरी आली! तीनच्या वर?" काही झाले तरी पद्धत ती पद्धत. आता "तीन बार" म्हटले की मी सुटलो. तेवढ्यात बांगडीवाले चाचा दाढी कुरवाळत म्हणाले, "चार!"

मामाजी थबकले. तिथेच हातोडा मारला असता तर झाड चाचांचे, आणि सगळेच निभावले असते. पण ज्याने जन्मात बोली लावली नाही त्याला पहिल्याच बोलीला कोणी वर जाते म्हणजे काय? ते तरातरा उतरले. "पाच!" पुन्हा चढले. "पाच आली!"

"सहा!" हा चहावाला. मघाचा आभाळ बघणारा.

"काय राजेहो, चढवून राह्यले काय मले?" मामाजी धापा टाकत म्हणाले.

चाचा म्हणाले, "जिंदगीभर तुमी आमाले चढवलं मामाजी. आज हमारी बारी!"

मग सगळे गावच बोली लावू लागले. प्रत्येक बोलीला मामाजी उतरत, वाढवत, चढत. धोतर सुटायला आले, टोपी एका शेळीने पळवली. शेवटी मामी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "झालं. आता हातोडा मारा, नाईतर मी बोली लावतो." तेव्हा कुठे मामाजींनी स्टुलावर थाप मारली, "तीन बार! गेला!" मामाजींच्याच नावावर किती घागरींना गेला ते सांगत नाही, एवढ्या पाण्यात कडुनिंब पोहायला शिकला असता. मी मात्र तिथेच मातीत बसलो आणि इतका मोठा श्वास सोडला की शेजारचा म्हणाला, "पोरगा रडून राह्यला का हासून राह्यला?" मलाही सांगता आले नसते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आलो की मामाजी चढावर दिसत. खांद्यावर घागर, मध्येच थांबणे, पुन्हा चालणे. मी घागर घ्यायला हात पुढे केला तर म्हणत, "तुझी बोली संपली. हात नको लावू." तीन उन्हाळे झाले तरी त्यांचे पाणी घालणे थांबले नाही. आता त्या कडुनिंबाखाली दवाखान्यात आलेल्या रोग्यांची माणसे भाकरीचे गाठोडे सोडून बसतात. खोड अजून वाकडेच आहे.

मी बी.ए. झालो, गडचिरोलीला मास्तर झालो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मामाजींचा घसा पार बसला होता. डॉक्टरांनी बोलायची मनाई केली होती. गळ्याला मफलर गुंडाळून ते खाटेवर पडले होते. त्यांनी मला जवळ ओढून कुजबुजत विचारले, "तिकडं झाडं लावतेत का?" मी म्हणालो, "मामाजी, तिकडे चारी बाजूंनी जंगलच आहे." ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मला चहावाला आठवला आणि मी मान खाली घातली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी त्यांना हे पत्र पाठवले.

"तीर्थस्वरूप मामाजींस, शिरसाष्टांग नमस्कार. आपली प्रकृती आता बरी असेल. मामींना सांगावे की मी दोन्ही वेळ जेवतो आणि दिवाही आहे. काल येथे शाळेच्या अंगणात आपल्या पद्धतीने पहिला लिलाव केला. लोक आधी हसले. माझा आवाज फाटला. पण 'एक बार' म्हटल्यावर एका म्हाताऱ्या बाईंचा हात वर गेला आणि मग गाडी चालू लागली. सगळी रोपे गेली. एक मोहाचे तेवढे राहिले. पाने किडलेली, आणि जागा विहिरीपासून लांब. दोष लपवला नाही. कोणी बोलेना. 'दोन बार' पर्यंत थांबलो, आणि मग स्टुलावरून उतरलो. पहिल्याच दिवशी नियम मोडला, याबद्दल क्षमा असावी. किती घागरींची बोली लावली ते मुद्दाम कळवत नाही. तुम्ही वाढवाल.

आपला,
नग एक."