कुत्र्यामांजरांचा पाऊस

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ ह्या शब्दांची मला शिसारी येते. पावसाळ्यावरचा निबंध म्हटला की पोरं पहिल्याच ओळीत ते ठोकून देतात. आणि तो रोग आर्वी तालुक्यातल्या निदान एका शाळेत तरी मीच पसरवला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बी.ए., बी.एड. होऊन मी तिथल्याच एका गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो होतो. नोकरी कच्ची होती, कायम व्हायचं तर हेडमास्तरांचा शेरा चांगला हवा. नववीच्या वर्गात मी ह्या शब्दांचा अर्थ सांगितला, धो धो पाऊस पडणे. एका पोरीनं विचारलं, “सर, पण कुत्रे-मांजरंच काऊन?” कॉलेजात ऐकलेलं सांगून टाकलं, की जुन्या काळी इंग्रजांच्या शहरांत उघड्या गटारी असत, मोठा पाऊस आला की मेलेली कुत्री-मांजरं त्यांतून रस्त्यावर वाहून येत. खरंखोटं सांगणाऱ्यालाच ठाऊक. वर्गानं मात्र नाकं मुरडली आणि इंग्रजांची मनसोक्त छी-थू केली.

आठवड्याभरात आमच्याकडेही तसाच पाऊस झाला. सकाळी शाळेत गेलो तर फाटकाशी, नालीच्या तोंडात, एक कुत्रं अडकून पडलेलं. पोट फुगलेलं, डोळ्यांवर माश्या. शिपायानं लांबूनच हात जोडले. “माहं काम घंटा वाजवाचं हाये,” म्हणाला.

हेडमास्तर माझ्या टेबलाशी आले. आवाज अगदी गोड.

“सर, तुमच्या मोहल्ल्यातून कोणाले तरी बोलावून घ्या न. तुमच्या लोकांले सवय असते.”

माझा बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि ढोरं ओढायचा दोर त्यानं चुलीत घातला. मग गावानं त्याला वर्षभर मजुरीला बोलावलं नाही. आम्ही अंबाडीची भाजी खाऊन दिवस काढले, पण दोर पुन्हा घरात आला नाही. आणि हा माणूस मला, पदवी घेतलेल्या मास्तरला, सवय शिकवत होता!

“सर, आमच्या घरी हे काम छप्पन सालापासून बंद हाये,” मी म्हणालो. शेरा डोळ्यांपुढे दिसत होता.

“अहो, तसं नाई म्हणून राह्यलो मी,” असं पुटपुटत ते गेले.

कुत्रं तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी वास वर्गात शिरला. पोरं नाकाला रुमाल लावून पाढ्यासारखे इंग्रजी शब्द म्हणत होती. डबा कुणालाच गेला नाही. एकदा वाटलं, उचलावं आणि फेकावं, कोण बघतंय? पण सगळेच बघत होते. मी उचललं असतं तर ते कायमचं माझंच काम झालं असतं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, दुपारी तपासणीला साहेब येताहेत. मग हेडमास्तरांनी धोतर खोचलं, तोंडाला उपरणं बांधलं आणि कुत्र्याच्या पायाला सुतळी बांधून ते स्वतः गावाबाहेरच्या पांदणीपर्यंत ओढत नेलं. सगळी शाळा खिडक्यांना चिकटली होती. परत येऊन ते अर्धा तास हात धूत होते. मला त्यांची कीव आली नाही, किळसच आली; पोरांसाठी न हललेला माणूस साहेबासाठी हलला होता.

सहामाहीला मी प्रश्न घातला, हे शब्द वाक्यात वापरा. त्याच पोरीनं लिहिलं होतं, ‘इट रेन्ड कॅट्स अँड डॉग्ज. अवर हेडमास्टर लिफ्टेड द डॉग.’

‘लिफ्टेड’चं स्पेलिंग चुकलं होतं. एरवी अर्धा मार्क कापायचो. तिला पुरे दिले.